बंद केलेला संगणक नेटवर्कवरून चालू होत नाही? आपापली तपासणी लिहा

स्लीपमधला संगणक वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून 'मॅजिक पॅकेट' हा छोटा संदेश पाठवून संगणक चालू करण्याची सोय) सहसा उठतो, पण पूर्ण शटडाऊन केल्यावर तोच दाद देत नाही. दोष बायोसमध्ये (मदरबोर्डवरची मूळ सेटिंग) असू शकतो, तसाच ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), स्विच (संगणकांच्या केबल जोडणारं यंत्र) किंवा पॅकेट पाठवणाऱ्या यंत्रातही. हे काम नेहमी करणाऱ्यांनी तपासणी कुठून सुरू करायची, काय बदलायचं आणि का, ते इथे लिहावं. "माझ्याकडे चालतं" एवढ्याने कुणाला मदत होत नाही. सेटिंगचं नाव हवं.

* * *

सगळ्यात आधी दिवा बघा. संगणक बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि लॅन पोर्टचा दिवा पाहा. तो विझलेला असेल तर नेटवर्क कार्डाला वीजच मिळत नाहीये. मग कितीही पॅकेट पाठवली तरी ऐकायला कुणी नाही.

वीज तोडणारी सेटिंग बायोसमध्ये असतात. 'ईआरपी रेडी' (जुन्या बोर्डांवर 'ईयूपी') आणि 'डीप स्लीप कंट्रोल' बंद करा. बंद अवस्थेतली वीजखपत कमी करण्यासाठी ती असतात आणि त्या नादात कार्डाची ५ व्होल्टची स्टँडबाय वीजही काढून घेतात. त्यानंतर 'वेक ऑन लॅन' किंवा 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई' चालू करा. घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला, नाहीतर मुख्य वीज गेली की ही सेटिंग पुन्हा मूळपदावर येतील.

दिवा लागलेला असूनही स्विच १ गिगाबिटऐवजी १० किंवा १०० मेगाबिट दाखवत असेल, तर घाबरू नका. बंद अवस्थेत कार्ड मुद्दाम वेग उतरवतं. फक्त स्विचचा पोर्ट ठरावीक वेगावर अडकवलेला नको, तो ऑटोवरच ठेवा.

* * *

विंडोज असेल तर माझा पहिला संशय 'फास्ट स्टार्टअप'वर असतो. विंडोज ८ पासून साधे 'शटडाऊन' म्हणजे खरे शटडाऊन नव्हे: कर्नल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होतो, म्हणजे डिस्कवर जतन होतो, आणि या अवस्थेत जाताना विंडोज नेटवर्क कार्डाला जागे करण्याची परवानगी देत नाही. हा बिघाड नाही, तशीच रचना आहे.

खात्री करायची असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊन करा. तेव्हा पूर्ण शटडाऊन होते. आता संगणक उठला तर कारण सापडले. कायमसाठी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा.

नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर जा. रिअलटेकच्या कार्डात 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' आणि 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' ही दोन वेगळी सेटिंग आहेत. पहिले चालू आणि दुसरे बंद असेल तर स्लीपमधून उठतो, शटडाऊनमधून नाही. इंटेलच्या कार्डात 'एनेबल पीएमई' (कार्डाला संगणक उठवण्याची परवानगी) शोधा. ड्रायव्हर बदलला की हे सगळे पुन्हा तपासावे लागते. शटडाऊननंतर जागे करणे विंडोजच्या अखत्यारीत येतच नाही, ते बायोस आणि कार्डाच्या भरवशावर चालते. म्हणून बायोसची पायरी गाळून इथे वेळ घालवू नका.

* * *

लिनक्सवाल्यांसाठी. ईथटूल या कमांडला (कार्डाची सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी) कार्डाचं नाव देऊन शेवटची 'वेक-ऑन' ओळ वाचा. 'डी' म्हणजे बंद, 'जी' म्हणजे मॅजिक पॅकेट. 'ईथटूल -एस ईएनपी३एस० डब्ल्यूओएल जी' ने चालू होतं (सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीत, नाव तुमच्या कार्डाचं), पण पुढच्या बूटला ते पुसलं जाऊ शकतं.

कायम ठेवायला सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) लिंक फाइलमध्ये, म्हणजे कार्डाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'वेकऑनलॅन' चं मूल्य 'मॅजिक' द्या. सिस्टमडी जुळणारी पहिलीच फाइल वापरतो, बाकीच्या सोडून देतो. त्यामुळे तुमच्या फाइलीत नेमपॉलिसीही (कार्डाला नाव कसं द्यायचं तो नियम) लिहा, नाहीतर कार्डाचं नाव बदलेल आणि नेटवर्कच बंद पडेल. लॅपटॉपवर टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) असेल तर त्यात 'डब्ल्यूओएल_डिसेबल' ला 'एन' करा. मूळ मूल्य 'वाय' असतं.

* * *

एक छोटीशी गोष्ट, पण हमखास चुकणारी: पॅकेटमध्ये घालायचा मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) तारेच्या कार्डाचाच घ्या. यादीत वायफाय, ब्लूटूथ, व्हीपीएन आणि आभासी यंत्रांचेही पत्ते असतात.

* * *

आता नेटवर्कची बाजू. मॅजिक पॅकेट म्हणजे एफएफचे ६ बाइट आणि त्यापुढे मॅक पत्ता १६ वेळा, एकूण १०२ बाइट. पोर्ट क्रमांक ७ की ९ यावर वाद घालू नका. कार्ड पोर्ट बघत नाही, हा नमुना शोधतं.

"बंद केल्यावर पाच मिनिटं चालतं, सकाळी नाही" अशी तक्रार असेल तर पॅकेट थेट आयपी पत्त्यावर जातंय. राउटरच्या एआरपी तक्त्यात (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा ती यादी) नोंद असेपर्यंत ते पोचतं. नोंद पुसली गेली की बंद संगणक उत्तर देत नाही आणि पॅकेट तिथेच मरतं. ब्रॉडकास्ट पत्त्यावर (सगळ्या यंत्रांना एकदम पोचणारा) पाठवा, तोही २५५.२५५.२५५.२५५ ऐवजी सबनेटचा (तुमच्या नेटवर्कच्या तेवढ्या भागाचा), उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५५. पाठवणाऱ्या यंत्रावर व्हीपीएन चालू असेल तर २५५.२५५.२५५.२५५ वरचं पॅकेट भलत्याच कार्डातून बाहेर पडू शकतं.

ब्रॉडकास्ट एका व्हीलॅनमधून (एकाच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) दुसऱ्यात ओलांडत नाही. १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेट मानकापासून राउटरवर डिरेक्टेड ब्रॉडकास्ट (बाहेरून दुसऱ्या सबनेटला पाठवलेलं ब्रॉडकास्ट) मुळातच बंद असावं असा दंडक आहे. ते उघडायचंच असेल तर फक्त पाठवणाऱ्या यंत्रापुरतं, अ‍ॅक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं ती यादी) लावून. स्विचच्या पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्यावरच नेटवर्क देणारी पद्धत) असेल तर बंद संगणक प्रमाणित नसतो, म्हणून स्विच त्याच्याकडे काहीच जाऊ देत नाही. सिस्कोच्या स्विचवर त्या पोर्टला 'ऑथेंटिकेशन कंट्रोल-डायरेक्शन इन' द्यावं लागतं.

तर्क लढवण्यापेक्षा त्याच केबलला दुसरा लॅपटॉप लावा आणि वायरशार्कमध्ये (येणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) 'डब्ल्यूओएल' फिल्टर टाका. पॅकेट दिसलं तर दोष संगणकात, नाही दिसलं तर वाटेत.

* * *

घराबाहेरून करायचे असेल तर राउटरवर पोर्ट ९ इंटरनेटला उघडू नका. व्हीपीएनने आत या आणि कायम चालू असलेल्या यंत्रावरून पॅकेट सोडा. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरची मुक्त प्रणाली) ईथरवेक ही मॅजिक पॅकेट पाठवणारी कमांड वापरताना हायफन-आय देऊन 'बीआर-लॅन' (घरच्या नेटवर्कचा इंटरफेस) सांगा, नाहीतर पॅकेट चुकीच्या इंटरफेसवर जाऊ शकते.

* * *

वीज जाऊन आल्यावरच उठत नसेल तर: कार्डाला 'जागा राहा' हा आदेश बऱ्याचदा ड्रायव्हर देतो आणि स्टँडबाय वीज तुटली की तो हरवतो. बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस' ला 'पॉवर ऑन' ठेवा. एकदा बूट होऊन नीट शटडाऊन झाला की पुन्हा चालेल.

* * *

उलट तक्रारही येते, की संगणक मध्येच आपोआप चालू होतो. 'वेक ऑन पॅटर्न मॅच' (इतर ठरावीक पॅकेटनेही उठणं) बंद करा आणि फक्त मॅजिक पॅकेट ठेवा. लिनक्सवर 'वेक-ऑन' मध्ये 'जी' सोबत 'यू' किंवा 'बी' असेल तर ती अक्षरं काढा. विंडोजवर 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' ने स्लीपमधून कुणी उठवलं ते कळतं.