जुने, दुर्लक्षित राहिलेले गुलाब परत फुलवलेत का कुणी? अनुभव लिहा

सासूबाई गेल्या तेव्हापासून दोन वर्षं त्यांच्या गुलाबांकडे कुणी बघितलंच नाही. नाशिकला इंदिरानगरात अंगणात सात झाडं आहेत, खोडं मनगटाएवढी पण वर नुसत्या काटक्या. माळी म्हणतो उपटा नि नवीन लावा, मला ते जमणार नाही. गुलशनाबाद म्हणायचे या गावाला, इथे गुलाब जगायलाच हवा. ज्यांनी वाचवलेत त्यांनी सगळं सविस्तर लिहा प्लीज.

— उपटू नका ताई!! मुळं जिवंत असतात. माझं गंगापूर रोडचं झाड असंच होतं, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटलं. काळी फांदी कापत कापत खाली यायचं, आतला गाभा तपकिरी दिसतोय तोवर थांबायचं नाही, पांढरा-हिरवट लागला की बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो तो उंचवटा) जरा वर तिरका काप. कापांवर बोर्डो पेस्ट, मोरचूद-चुन्याची, आपले द्राक्षवाले लावतात तीच. मग बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं करून पाटीभर शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर बोनमील आणि भरपूर पाणी. दीड महिन्यात कळ्या आल्या, मी रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभी असायचे.

— रासायनिक खताची घाई नको. मी कोरड्या मातीत टाकलं आणि पानं कडेने करपली, फार वाईट वाटलं. आता आधी पाणी देतो, फुटवे बोटभर झाले की मगच 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम.

— पंचवटीतून. आईचा गुलाब जोमात वाढायचा पण फूल नाही. नीट बघितलं तर सगळे फुटवे डोळा भरलेल्या (कलमाच्या) गाठीच्या खालून, म्हणजे ज्यावर कलम केलं तो रानगुलाबच वाढत होता. तसले फुटवे वरून कापले तर परत येतात, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढावे लागतात. गाठीच्या वर एकच बारीक फांदी उरली होती, पुढच्या हिवाळ्यात तिलाच आईचा गुलाबी रंग आला.

— काळ्या चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय, चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येणारं लोह) फवारा.

सगळ्यांचे खूप आभार. आज भीत भीत एक झाड छाटलं, वरून चार बोटं सगळं तपकिरीच होतं, रडू यायला लागलं. अजून वीतभर खाली गेले आणि गाभा पांढरा लागला. उरलेली सहा उद्या.