शब्दचर्चा : नियत

कारंज्याकडून, अभ्यासिका चालवणारा :

गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि आमची दोन-तीन पोरं तो मराठीतून लिहिणार आहेत. परवा सरावाच्या उत्तरात जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दल एकाने लिहिलं, 'कांटच्या मते कृतीचं मोल नियतीवर ठरतं.' मी लाल शाईने बाजूला लिहिलं, 'कांट दैववादी कधी झाला?' पोरगा वही घेऊन आला. म्हणे, 'सर, नियतीवर म्हंजे नियतवर. ज्याची जशी नियत.'

चूक माझीच. बरकत, बरकतीचा, तसं नियत, नियतीचा. सामान्यरूप झालं की मनातला हेतू आणि कपाळावरचं लिहिणं एकसारखंच दिसतं. शब्द बदलावा म्हटलं तर 'हेतू' फिका पडतो. 'सदिच्छा' नकोच, ती दिवाळीच्या फलकावर हात जोडून उभी असते. कांटने १७८५ च्या पुस्तकात जी 'चांगली इच्छा' सांगितली ती नुसती इच्छा नव्हे, हाताशी असेल ते सगळं पणाला लावणारी इच्छा. जाणकारांनी सांगावं, परीक्षेत 'नियत' चालेल का?

वर्ध्याहून :

सर, मुळात 'नियत' दोन आहेत. एक अरबीतून फारशीवाटे आलेली, स्त्रीलिंगी, हिंदीत 'नीयत' लिहितात ती. दुसरं संस्कृत विशेषण, 'यम्' धातूचं : आवरलेलं, ठरवून दिलेलं. नियम, नियती, नियतकालिक ही त्याची भावंडं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आठव्या श्लोकात 'नियतं कुरु कर्म त्वं' आहे, ते हे दुसरं. विनोबांनी गीताईत तिथे 'नेमिलें' केलं. इथे गोपुरीला गीताई मंदिरात शिळांवर गीताई कोरलेली आहे, मुलांना घेऊन या एकदा, तिसरा अध्याय उभ्याने वाचता येतो.

गंमत अशी की कांटला दोन्ही नियती लागतात. (अनेकवचन केलं की पुन्हा दैवच आलं!) काम नेमिलेलं पाहिजे, आणि नेमिलेलं आहे एवढ्याच कारणासाठी केलेलं पाहिजे. फरक नेमणाऱ्यात आहे. अर्जुनाला त्याचा स्वधर्म जन्मासोबत मिळालेला. कांटकडे माणसाची स्वतःची बुद्धीच नेमून देते आणि विचारते, तुझा हा नेम उद्या सगळ्यांनीच धरला तर चालेल का?

दर्यापूरकडून :

पुस्तकं तुमची तुम्ही पाहा, मी बाजाराचं सांगतो. आमच्या मोठ्या भावाचा एक बैल होता. दिसायला देखणा, शिंगं जुळवून बसवल्यासारखी. पण डवऱ्याला (कोळपणीच्या औताला) जुंपला की तीन तास झाले न झाले, मातीत बसायचा. शेपटी पिरगाळा, तोंडावर पाणी मारा, हलायचा नाही. बाजारात नेला. यवतमाळकडचं एक कोवळं पोरगं गिऱ्हाईक लागलं. दलालाने रुमालाखाली हात घेतला, बोटं दाबून भाव ठरवला, सौदा जमला. पोराने इसारासाठी खिशात हात घातला आणि भाऊ म्हणे, 'थांब बाप्पा. बसते हा. तीन तास झाले का बसते.' दलालाने कपाळावर हात मारला. भाव चार हजारांनी उतरला.

येताना बंडीत (बैलगाडीत) मी विचारलं, काहून सांगितलं? म्हणे, 'पुढच्या बाजारी मले याच लोकांत उभं राहनं हाय.' आता तुम्हीच सांगा सर, ही नियत साफ म्हणायची का व्यवहार?

कारंज्याकडून :

काका, हा दाखला कांटच्याच पुस्तकात आहे, फक्त बैल नाही. त्याचा दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाला, अगदी लहान पोरालाही, सगळ्यांचाच भाव लावतो. वागणं सचोटीचं आहे. पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून केलं असेल तर कांट त्याला नैतिक मोल देत नाही. कर्तव्याला धरून आहे, कर्तव्य म्हणून नाही. तुमच्या भाऊंनी रस्त्यात जे सांगितलं त्यावर कांटने त्यांना शून्य गुण दिले असते.

बेंथम कामाच्या परिणामातून किती सुख झालं ते मोजणारा, त्याने पाठीवर थाप मारली असती. पोराचं औत ऐन हंगामात अडलं नाही, बाजारातला भरवसा राहिला, त्यापुढे चार हजार काय. त्याच पंथाचा मिल तर स्पष्ट लिहितो : बुडणाऱ्याला काढलं ते कर्तव्य म्हणून की बक्षिसाच्या आशेने, काढणं बरोबरच. हेतूवरून माणसाची किंमत होते, कामाची नाही.

या पंथाचं मराठी नाव मात्र मला खुपतं. 'उपयुक्ततावाद' म्हटलं की पोरांना वाटतं, कामाला येईल ते चांगलं. म्हणजे आपला बसका बैल वाईट. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) 'पुष्कळांचें पुष्कळ सुख' असं फोडून लिहिलं, ते लगेच कळतं. त्यांना स्वतःला ते मान्य नव्हतं. पांडवांची ७ अक्षौहिणी सेना, कौरवांची ११, मग कौरवच बरोबर का, असा त्यांचा टोला. हा टोला मला तितका पटत नाही. बेंथमला सुख मोजायचं होतं, डोकी नाही. त्यांचा दुसरा दाखला जास्त लागतो. अमेरिकेतल्या एका शहरात ट्रामची परवानगी अडली होती, चालकाने लाच देऊन ती मिळवली. लोकांची सोय झाली, आणि तरी पुढे खटला होऊन त्याला शिक्षा झाली. पाचांना वाचवायला ट्राम एकावर वळवावी का, हे तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांचं प्रसिद्ध कोडं १९६७ चं. मराठीत नीतीची ट्राम त्याच्या अर्धशतक आधीच धावली होती. (आपल्याकडे ट्राम कुठली, आपली ती शकुंतला आगगाडीच होती.)

दारव्ह्याहून, शिक्षिका :

काकांच्या प्रश्नातला 'साफ' तुम्ही दोघांनी सोडूनच दिला. आमच्याकडे दोन वेगळे प्रयोग आहेत. 'नियत फिरली' म्हणजे त्या घडीपुरती. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची तूर पाहून हात विळ्याकडे गेला, ती फिरली. 'नियत साफ आहे' हे मात्र एका कामावरून कोणी म्हणत नाही. वीस-पंचवीस वर्षं उसनवारी पाहिलेली असते, वाटणीच्या वेळी पाहिलेलं असतं, मग बोलतात. पहिली नियत कांटची धरा. दुसरी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलची.

अशा मुरलेल्या चांगुलपणाच्या त्याच्याकडच्या शब्दाला पुस्तकं 'सद्गुण' म्हणतात, आणि मुलांना सुविचाराचा फळा आठवतो. मी वर्गात 'वळण' म्हणते. त्याच्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच आहे की नीतीचा ग्रीक शब्द 'सवय' या शब्दावरूनच जरासा फिरून आलाय. घरं बांधता बांधता गवंडी होतो, तसं न्यायाने वागता वागता न्यायी. गोऱ्ह्याला वळण लावताना आपण तरी वेगळं काय करतो? आधी नुसतं जू मानेवर, मग रिकामी बंडी, मग ओझं.

आणि काका, तुमच्या भाऊंनी दिलेलं कारण मला खरं वाटत नाही. खोटं बोलले असं नाही. आधी तोंडातून निघालं, पुढच्या बाजाराचं कारण बंडीत सुचलं. आपल्या भागात व्यवहार केला म्हणायला माणूस लाजत नाही, चांगलं केलं म्हणायला लाजतो.

दर्यापूरकडून :

असंल ताई. पण दलालाची बोटं दाबून होईस्तोवर भाऊ गप होता, हे बी धरा हिशेबात. बाकी 'नियत तशी बरकत' आमच्याच घरात रोज म्हणतात, म्हणजे नियतीलाही शेवटी फळच लावलं आम्ही. त्या पोराचा दिवाळीत फोन आला होता. बैल डवऱ्याला अजून बसतो. बंडीला नाही बसत, म्हणून बंडीलाच ठेवलाय.

कारंज्याकडून :

पोराला गुण परत दिले. त्याने 'नियतीवर' खोडून 'नियत कशी आहे यावर' असं केलंय. दैवाचा घोळ मिटला. १५० शब्दांच्या उत्तरात तीन शब्द जास्त गेले, त्यावर तो नाराज आहे.