व्हर्मीरच्या ‘मिल्कमेड’ची तैलरंगात नक्कल : सुरुवात कुठून करावी?

जलरंगी :
जलरंगाचा हात बऱ्यापैकी आहे, तैलरंग नवीन. डच चित्रकार व्हर्मीरची ‘मिल्कमेड’, म्हणजे दूध ओतणारी बाई (साधारण १६६०), करायला घेतोय. मूळ चित्र ४५.५ × ४१ सेंमी, म्हणजे १८ × १६ इंची कॅनव्हासवर जवळजवळ मापात बसतं. अंडरपेंटिंग (रंगांच्या खालचा पहिला थर) कशात करावं? लेड-टिन यलो (शिशाचा जुना पिवळा) आणि खऱ्या अल्ट्रामरिनऐवजी (दगडापासूनचा महागडा निळा) काय वापरावं? आणि मागची भिंत निर्जीव होऊ नये म्हणून काय करायचं?

रॉ अंबर :
मूळ चित्र जिथे आहे त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या साइटवर मोठी फाइल फुकट आहे, तीच घ्या. इकडेतिकडे फिरणाऱ्या फोटोंत निळा भडक आणि भिंत पिवळी असते.

पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नका. रॉ अंबरमध्ये (मातकट तपकिरी रंग) किंचित पांढरा घालून टर्पेंटाइनने पातळ करा, फासा, फडक्याने पुसून घ्या. फिकट करडा-तपकिरी उरला की झालं. दोन दिवस वाळू द्या.

रेखाटनात खिडकी फसते. तिच्या तिरप्या रेषा जिथे एकत्र मिळतात त्या बिंदूवर व्हर्मीरने कॅनव्हासला टाचणी टोचून दोरा ताणला होता. ते भोक बाईच्या उजव्या हाताच्या किंचित वर सापडलंय. तुम्हीही तिथूनच दोरा ताणून खिडकीच्या रेषा तपासा.

अंडरपेंटिंग रॉ अंबर आणि टर्पेंटाइन, बस. पांढरा नको, तेल नको, फक्त सावल्या. अंबर एक-दोन दिवसांत वाळतो. खाली आयव्हरी ब्लॅक (काळा रंग) थापू नका. तो फार सावकाश वाळतो आणि वरचा थर आधी वाळून तडकतो.

भिंतीसाठी करड्याचा एकच ढीग केलात की ती मेलीच. तीन ढीग करा: पांढरा + रॉ अंबर, पांढरा + चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा + अंबर + थेंबभर अल्ट्रामरिन. सपाट ब्रशने एकमेकांत घासत न्या. खिडकीखाली भिंत गडद, उजवीकडे उजळ. बाईचं नेमकं उलट: तिची उजळ बाजू गडद भिंतीवर, सावलीतली बाजू उजळ भिंतीवर. तिच्या उजव्या कडेला एक बारीक पांढरी रेघ आहे, झूम करून बघा. ती गाळलीत तर बाई भिंतीला चिकटते.

पॅलेट नाइफ :
लेड-टिन यलोतलं शिसं विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाईच्या पिवळ्या चोळीसाठी कॅडमियम यलो लाइट + टायटॅनियम व्हाइट + जरासा ऑकर.

निळा एप्रन दोन खेपांत. आधी अल्ट्रामरिन + पांढरा, घड्यांत थोडा अंबर. आठवडाभर थांबा. मग नुसता अल्ट्रामरिन, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर. उजेडाच्या जागी फडक्याने टिपून घ्या. खालचा थर ओला असेल तर तो उखडून येतो. तेल जास्त झालं तर सुरकुत्या पडतात.

तेल चित्रकलेच्या दुकानातलं रिफाइंडच घ्या, किराणातलं खाण्याचं जवस तेल नको. हार्डवेअरच्या दुकानातला टर्पेंटाइन घ्यायचाच तर एक थेंब कोऱ्या कागदावर टाका. सकाळी चिकट डाग उरला तर तो पेंटिंगला नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात वाळायला बराच जास्त वेळ धरा, आणि ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी येते.

ब्रशधारी :
माझं मत वेगळं. अख्खं चित्र आत्ता घेऊच नका. चित्रातल्या टेबलावरचा पाव आणि टोपली एवढाच तुकडा ८ × १० इंचांत करा. मिसळणं, थर, चमक सगळं त्यातच येतं आणि फसलं तर कॅनव्हास स्वस्तात जातो.

पावावरचे चमकणाऱ्या उजेडाचे ठिपके अगदी शेवटी, वाळलेल्या थरावर. पांढरा + ऑकर, तेल-टर्पेंटाइन काही न घालता, ० नंबर गोल ब्रशच्या टोकावर गोळी घेऊन नुसती टेकवायची, ओढायची नाही. सगळीकडे सारखे ठिपके दिलेत की तीळ लावलेली भाकरी होते. उजेडाकडे दाट आणि मोठे, सावलीकडे विरळ.

वाळल्यावर अंबरचे भाग मॅट, पांढुरके दिसतील. लगेच वॉर्निश मारू नका. जवस तेल अगदी थोडं बोटाने चोळा आणि कोरडं होईतो पुसा, गडदपणा परत येतो. वॉर्निश सहा महिन्यांनंतर.