बोट्स्वानाचे हत्ती: मारायचे की मोजत बसायचे?

मंजिरी_भ:
बोट्स्वानात 2014 मध्ये शिकारबंदी आली, 2019 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी यांच्या सरकारने ती उठवली. 2024 मध्ये जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींच्या (मारलेल्या प्राण्यांची मुंडकी, सुळे, कातडी) आयातीवर निर्बंधांची चर्चा सुरू होती, तेव्हा मासिसी म्हणाले, 20,000 हत्ती पाठवतो, तुम्हीच सांभाळा. लोक हसले, मी नाही. तिथल्या चोबे नदीत संध्याकाळी पिल्लांना मध्ये घेऊन उतरणारा कळप पाहिलाय. पैसे मोजून त्यांना गोळी घालायची हौस मला ओंगळ वाटते.

दोडामार्गकर:
ताई, तुम्ही हत्ती बोटीतून पाहिलेत, आम्ही इथे सिंधुदुर्गात केळीच्या बागेतून. बोट्स्वानात सव्वा लाखाच्या वर हत्ती, आणि अभयारण्याबाहेर फिरायला त्यांना कोण अडवणार? शिकारीचे परवाने वर्षाला काही शेच. त्यातून गावाला चार पैसे मिळत असतील तर बर्लिनवाल्यांचं पोट का दुखावं?

निशाचर:
आकड्यावर जाऊ नका, दादा. शिकाऱ्याला हवा असतो मोठ्या सुळ्यांचा म्हातारा नर. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्याची गोष्ट माहीत असेलच: तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून आणलेले पोरके तरुण नर नव्वदच्या दशकात गेंडे मारत सुटले, चाळीसहून जास्त मारले. 1998 मध्ये सहा थोराड नर आणून सोडले, तेव्हा कुठे पोरं वठणीवर आली. तुमचे परवाने नेमके हेच आजोबा उचलतात.

सदू_पाटील:
मुद्दा बिनतोड. पण मालक कोण, हे कोणीच विचारत नाहीये. क्रूगरच्या उत्तर टोकाला पाफुरीतून 1969 मध्ये माकुलेके लोकांना हाकललं. 1998 मध्ये जमीन परत मिळाली, तर त्यांनी नांगर नाही धरला, जंगलच ठेवलं. सुरुवातीला शिकारीचे थोडे परवाने विकले, मग पर्यटकांचे लॉज आले. निर्णय त्यांचा होता. नामिबियानेही 1996 च्या कायद्याने गावांना वन्यप्राण्यांवर हक्क दिला.

मंजिरी_भ:
हक्काचं म्हणता, तर बोट्स्वानाच्या कलहारी वाळवंटातल्या सान आदिवासींचं काय? अभयारण्यातून उठवलं, 2006 मध्ये कोर्टात जिंकले, तरी बाण चालवला की चोरटी शिकार. रायफलवाल्या पाहुण्याला मात्र परवाना!

दोडामार्गकर:
सानांचं पटलं. पण निशाचर, मारू नका तर करायचं काय तेही सांगा. आमच्याकडे 2015 मध्ये माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले, त्यातले दोन दगावले.