विंडोज ७ चा अपग्रेड डबा आणि कोरी हार्ड डिस्क

राजेंद्रनगरची काकू (एप्रिल २०१४)

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, शाळेतून निवृत्त. कॉम्प्युटर चालवता येतो, उघडता येत नाही. गेल्या गुरुवारी आमच्या हार्ड डिस्कने आधी टकटक केलं आणि मग अबोलाच धरला. आईच्या ओव्या मी टाइप करून ठेवल्या होत्या, त्या पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. बाकी गेलं ते गेलं. आरएनटी मार्गावरून नवी ५०० जीबीची डिस्क आणली आणि कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतली.

आता प्रश्न. मशीन २००७ चं, तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी होतं. त्याच्या परवान्याचं स्टिकर अजून कॅबिनेटला चिकटलेलं आहे. २०१० च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता, तेव्हा विंडोज ७ होम प्रीमियमचा अपग्रेडचा डबा घेतला, पक्क्या बिलावर. पूर्ण डब्यापेक्षा स्वस्त पडला, कारण जुनं विंडोज घरात होतंच. इतकी वर्षं मस्त चाललं.

काल डीव्हीडी लावून मीच बसले. सेटअपने प्रॉडक्ट की, म्हणजे डब्यातला परवान्याचा क्रमांक, विचारली, ती रकान्यात न भरता पुढे गेले (डबा कपाटात वर होता, आणि स्टूल घ्यायचा कंटाळा). सगळं छान झालं. मग डबा काढला, पंचवीस अक्षरं चष्मा पुसून टाकली, तर म्हणे ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या इन्स्टॉलेशनला चालणार नाही. एरर ०एक्ससी००४एफ०६१. आणि वर ३० दिवसांची मुदत दिली आहे, भाडेकरूला देतात तशी.

दुरुस्तीवाला म्हणाला, "आंटी, क्यों माथा खपा रही हो, लोडर डाल देता हूँ, दो सौ रुपये।" (लोडर म्हणजे परवाना नसताना विंडोजला तो आहे असं भासवणारा चोरटा प्रोग्राम.) मी म्हटलं, भिया, माझ्याच घराला खोटी किल्ली कशाला?

तर आधी एक्सपी टाकावंच लागेल का? त्याची सीडी आहे, पण नातवाने तिची गाडी गाडी केली होती. आणि दुसरं, ७ चालू झालं की एक्सपीचं स्टिकर रिकामं होईल ना? शेजारच्या मुलाला त्याच्या जुन्या मशीनसाठी दिलं तर चालेल का?

वाड्यातला बंड्या

काकू, सरळ रस्ता हाच: आधी एक्सपी टाका, मग एक्सपीच्या आतून ७ ची डीव्हीडी चालवा. मी केलंय. फक्त रविवार मोकळा ठेवा. एक्सपीच्या सीडीला नव्या डिस्क दिसत नाहीत कधी कधी, मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटाचा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, जुनी आयडीई करावी लागते. की टाकताना चहा पिऊ नका, माझा कीबोर्ड त्यातच गेला.

ग्वाल्हेरकर

बंड्याशेठ, काकूंना रविवारभर कशाला बसवता?

काकू, झालंय काय ते सांगतो. अपग्रेडची की टाकल्यावर विंडोज बघतं की इन्स्टॉलेशनच्या वेळी डिस्कवर जुनं विंडोज होतं का. तुमची डिस्क कोरी, म्हणून ते रुसलं. पूर्वी हे सोपं होतं. एक्सपीच्या अपग्रेड सीडीला जुनं काही सापडलं नाही तर ती विंडोज ९८ ची सीडी दाखवायला सांगायची. दाखवली की पुढे. आमच्या ऑफिसात त्या एका ९८ च्या सीडीवर निम्मा मजला अपग्रेड झाला होता, त्यामुळे ही सोय पुढे का काढली ते मला तरी कळतं. व्हिस्टापासून सीडी बघणं बंद.

आता उपाय. टाकलेलं विंडोज पुसू नका, त्यावरच करायचं आहे. स्टार्टमध्ये रेजएडिट लिहून रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या नोंदींची वही) उघडा. डावीकडे लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, सेटअप, ओओबीई असं एकेक उघडत जा. उजवीकडे मीडिया बूट इन्स्टॉल नावाची नोंद दिसेल. तिच्यात १ आहे, त्याचा ० करा. कोऱ्या डिस्कवर डीव्हीडीने बूट करून टाकलं, अशी ती खूण आहे. बाकी कशाला हात लावू नका, रजिस्ट्रीत चुकीला माफी नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून एसएलएमजीआर, एक जागा सोडून स्लॅश, त्याला लागून रीआर्म. एंटर. मशीन बंद करून सुरू करा आणि की पुन्हा टाका.

रजिस्ट्रीची भीती वाटत असेल तर चालू विंडोज ७ च्या आतूनच डीव्हीडीचं सेटअप पुन्हा चालवा आणि अपग्रेड निवडा. त्याला खाली विंडोज सापडतं, भले ते अर्ध्या तासापूर्वीचं का असेना. वेळ दुप्पट, एवढंच.

बडोद्याचा वकील (कोर्टातला नव्हे)

ग्वाल्हेरकरांचं तांत्रिक बरोबर, पण एक गोष्ट राहिली. रजिस्ट्रीतला शून्य तुम्हाला हक्क देत नाही. तुमच्याकडे जुनं परवान्याचं विंडोज होतं म्हणून हक्क आहे, शून्य फक्त दार उघडतो. ज्याच्याकडे जुनं काहीच नाही त्याने हेच केलं तर की चालेल, परवाना मात्र नसेल. पुस्तकी मार्ग बंड्याशेठचाच आहे, हेही खरं.

आता स्टिकर. काकू, ते देता येणार नाही, आणि तेही दोन कारणांनी. मशीनबरोबर आलेलं एक्सपी त्या मशीनलाच बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी मशीन तेच, म्हणून तुमचं काही बिघडत नाही. शिवाय अपग्रेड म्हणजे सराफ्यात मोड घालून नवीन करणं. जुनी पाटली सोनाराला देऊन वरचे पैसे भरले, आता तीच पाटली शेजारणीला कशी देणार? स्टिकर, डबा, बिल तिन्ही जपून ठेवा. आणि ८ एप्रिलला एक्सपीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, त्या मुलाला ते देऊन उपकार होणार नाहीत.

राजेंद्रनगरची काकू

झालं! पण सुखासुखी नाही. शून्य केला, रीआर्म लिहिलं, तर परवानगी नाही म्हणे. तीनदा तेच. शेवटी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर म्हण. ग्वाल्हेरकर, एवढं एक वाक्य तुम्ही गिळलंत, पण माफ केलं. मग खिडकी आली, काम झालं म्हणाली, मशीन पुन्हा सुरू केलं, की टाकली, आणि नेट जोडलेलं असल्यामुळे मिनिटाभरात ॲक्टिव्हेट झालं.

वकीलसाहेब, पाटलीचं पटलं. स्टिकर बघायला गेले तर फडक्याने पुसून पुसून शेवटची चार अक्षरं उडालेली. उरलेल्यांवर पारदर्शक टेप मारली. शेजारच्या मुलाला उबंटूची (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची) डिस्क कॉपी करून दिली आहे, तो खूश.

दुरुस्तीवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, "आंटी, मुझे भी लिख के दे दो।" लिहून दिलं, ॲडमिनिस्ट्रेटरच्या वाक्यासकट.

२००७ च्या प्रिंटरला मात्र विंडोज ७ अजून ओळख दाखवत नाही. त्याचा वेगळा धागा काढते.