निवेर्चची फेरी: सासूबाई आणि मुलाला घेऊन जावं का?

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये सासूबाई येताहेत. स्वित्झर्लंडच्या वालिसमध्ये आउसरबेर्गहून निघून निवेर्चच्या पाटाने आत जायचं आणि गोरपेरीच्या पाटाने एगरबेर्गला उतरायचं, अशी फेरी मनात आहे. मुलगा सात वर्षांचा. फोटोत वाट अगदी सपाट दिसते. कुणी गेलंय का?

-----

ताई, नमस्कार.
वाट सपाट आहे खरी, पण फसायला होतं ते त्यामुळेच. पाटाला उतार जेमतेम, म्हणून दम लागत नाही. पण चालायचं पाटाच्या बाहेरच्या काठावरून. एका बाजूला पाणी आणि कडा, दुसऱ्या बाजूला बाल्टशीडरची दरी. काही ठिकाणी काठही नाही. कड्याला लावलेली लाकडी पन्हळ आणि तिच्यावरच्या अरुंद फळ्या. सासूबाईंना आणि मुलाला तिथे कृपा करून नेऊ नका.

मी धुळ्याकडचा, पांझरा नदीकाठचा. फडाच्या (गावाने मिळून पाळीने पाणी घ्यायची आपली जुनी पद्धत) पाटावरून लहानपणी पळत जायचो, त्यामुळे पहिल्या वेळी मी निर्धास्त होतो. फळ्यांवर पाठीवरची सॅक कड्याला घासली आणि खांदा दरीकडे ढकलला गेला. हात कड्याला टेकवून तसाच उभा राहिलो. तेव्हापासून सॅक लहान आणि अंगालगत, बाजूला काही लटकवायचं नाही. काठ्या फळ्यांच्या फटीत अडकतात, त्या आधीच बांधून ठेवायच्या. फोटो काढायचा तर थांबून. समोरून कुणी आलं तर रुंद जागा मिळेपर्यंत एकाने मागे जायचं, फळीवर अंग चोरून ओलांडायचं नाही.

तुम्ही दोघंच जाणार असाल तर सकाळच्या पहिल्या गाडीने जा. दुपारी वीज-पाऊस होतो, फळ्या निसरड्या होतात, वरून दगड सुटतात. वालिसमध्ये डोंगरातल्या मदतीसाठीही 144 लावायचा. 1414 इतर भागांसाठी.

सगळ्यांनी मिळून जायचं तर सियोंजवळचा बीस द क्लावो करा. 1453 सालचा पाट, दगडी बांधांच्या द्राक्षमळ्यांमधून सेंट लेओनारपर्यंत जातो. तिथे जमिनीखालचं तळं आहे, मुलगा खूश होईल. अरुंद जागी त्याचा हात मात्र सोडू नका.

सासूबाईंना एक जरूर सांगा. इथेही पाण्याच्या पाळ्या असायच्या, कुणाचा हक्क किती ते लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवायचे. पाटावर पाणचक्कीने हातोडा ठोकत राहायचा. आवाज थांबला की पाटकऱ्याने समजायचं, कुठेतरी पाट फुटला. 2023 मध्ये युनेस्कोने हे पारंपरिक सिंचन वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या फडाचाही कुणीतरी असा मान ठेवावा, असं मनापासून वाटतं.

-----

दादा, खूप आभार. क्लावो ठरलं. सासूबाईंचं माहेर साक्रीचं, पाण्याच्या पाळ्यांचं ऐकून फोनवर अर्धा तास बोलत होत्या. निवेर्चला आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये जाऊ. तुम्ही येता का सोबत?