हुमणीला औषध सोडलेल्या शेंगांचं तेल घरात खायचं का?

पलूसकर_पोरगं: राम राम मंडळी. वीस गुंठे भुईमूग होता, यंदा हुमणीनं (मातीत राहून मुळं खाणारी अळी) असा धिंगाणा घातला की झाड धरलं की नुसतं हातात यायचं, म्हणून वडलांनी दोनदा क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी केली, म्हणजे पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी ओतलं. आता पोती घरात आहेत आणि आई म्हणती घाण्यावरनं वर्षाचं तेल काढून आणा. शेंग मातीतच वाढती आणि औषधपण मातीतच गेलंय, मग ते तेलात उतरतंय का? घरात दोन वर्षाची पोरगी आहे, जिवाला घोर लागलाय.

कोरेगावचा_पाहुणा: उतरू शकतं. हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. रिफाइंड तेलातनं 200 डिग्रीच्या वर वाफ सोडतात त्यात बरंचसं उडून जातं, घाण्याच्या तेलाला ती सोय नाही. पण शेवटची आळवणी कधी केली? काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, वाचतंय कोण म्हणा. आणि फोरेट, ते दुसरं कीटकनाशक, नाही ना टाकलं? 2020 संपताना त्याच्यावर बंदी आली.

पलूसकर_पोरगं: फोरेट न्हाई. शेवटची आळवणी दीड महिन्याच्या पिकात, त्यानंतर अडीच महिन्यांनी काढणी.

घाणेवाला_कराड: एवढं अंतर असंल तर मला औषधापेक्षा दुसरीच काळजी वाटती, शेंगा परतीच्या पावसात भिजल्या का भावा? लोक असला माल घेऊन येतात, दाणा फोडला की आत हिरवट पिवळी बुरशी, आणि वर मलाच सांगतात तेलच तर काढायचंय. अरे त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तळूनपण जात नाही. रिफायनरीत कॉस्टिक सोडा मारून तेल साफ करायच्या खास मातीतनं गाळतात तेव्हा निघतं, माझ्याकडं जे घालाल तेच तेलात येणार. शेंग कानाशी हलव, दाणा खुळखुळला तर वाळली. मग फोडून सुपात निवड, काळा, सुरकुतलेला, बुरशीचा सगळा बाजूला.

मसूरची_ताई: आणि तो बाजूला काढलेला म्हशीला घालू नका हां! आमच्या सासूबाईंचं तेच, टाकायचं कशाला म्हणून पाटीत. तेलापेक्षा पेंडीत जास्त राहतं ते विष, आणि जनावरानं खाल्लं की तिथनं दुधात. 1960 ला इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या भुईमुगाच्या पेंडीनं मेल्या, तेव्हाच तर हे विष सापडलं. दूध शेवटी तुमची पोरगीच पिणार.

पलूसकर_पोरगं: आत्ता ओंजळ ओंजळ फोडून बघितलं. वरची पोती खणखणीत आहेत, भिंतीकडच्या एका पोत्यात सात-आठ दाणे काळे निघाले. आई सूप घेऊन बसलीय आणि मला शिव्या घालतीय, पोतं भिंतीला मीच लावलं होतं.